तयार असल्याची खूण

१

माझी बायको अ‍ॅग्नेस गेल्यानंतर माझ्या आठवड्यात एकच वार उरला होता, शनिवार. त्या दिवशी बारा वाजता तिचा भाऊ हिलार माझ्याकडे जेवायला यायचा. उकडलेले बटाटे, वर आमच्या खोऱ्यातलं हिरवं उग्र चीज किसलेलं, आणि सफरचंदाच्या दारूचा एकेक पेला. आम्ही फार बोलत नसू. तो वर्तमानपत्र वाचायचा, मी भांडी विसळायचो. बाकीचे सहा दिवस कसे जात, ते मला आता सांगता येणार नाही. चौतीस वर्षं मी शहरातल्या शाळेत लॅटिन शिकवलं, डॉक्टरेट मिळवली, आणि एकाहत्तराव्या वर्षी माझी चौकशी करणारा जगात एक माणूस शिल्लक होता.

हिलार गावच्या नेमबाज मंडळाचा अध्यक्ष होता. मंडळात नऊ जण उरले होते. दहापेक्षा कमी असतील तर मैदान बंद करू, असं ग्रामसभेनं कळवलं होतं. एका शनिवारी त्यानं वर्तमानपत्राची घडी घातली आणि तू दहावा हो म्हणाला.

मी आयुष्यात बंदूक हातात धरली नव्हती. आमच्याकडे प्रत्येक मुलगा विसाव्या वर्षी सैन्यात जातो, रायफल घेऊन घरी येतो आणि म्हातारपणापर्यंत ती त्याच्या कपाटात राहते. मला भरतीच्या डॉक्टरनं हृदयाच्या ठोक्यांतली कुरकुर ऐकून परत पाठवलं होतं. गावात त्यावरून मला कोणी कधी टोचून बोललं नाही. फक्त रायफलींच्या गोष्टी निघाल्या की लोक माझ्याकडे बघायचं टाळत. ते टाळणं मी पन्नास वर्षं पाहत आलो होतो.

"ती कुरकुर अजून आहे ना?" हिलारनं विचारलं. "बिचारी. तुझ्याबरोबर राहून तीच कंटाळून मरायची. चल डॉक्टर, घरात बसून लॅटिन कुजतंय तुझं."

मी विचारलं, लक्ष्यापाशी कोण असतं. तो म्हणाला, मी. आमचं मैदान जुन्या पद्धतीचं होतं, विजेचं काही नाही. लक्ष्याच्या खाली खंदक असतो, त्यात एक माणूस बसतो. गोळी झाली की तो लक्ष्य खाली ओढतो, भोकावर कागद चिकटवतो, लक्ष्य परत वर चढवतो आणि काठीला लावलेली पत्र्याची चकती जिथं गोळी लागली तिथं धरतो. वर नेमबाजाला ती दुर्बिणीतून दिसते.

"म्हणजे मी तुझ्या दिशेनं झाडायचं," मी म्हणालो.

"माझ्या डोक्यावरून. मध्ये दोन मीटर माती आहे, काँक्रीट आहे. माझा बाप तिथं बसला, आजा बसला. दोघंही अंथरुणात मेले."

मला बाकी कसलीच भीती वाटत नव्हती. अ‍ॅग्नेसनंतर काही वाटणंच कमी झालं होतं. पण ही एक भीती तेव्हापासून माझ्याबरोबर होती, की त्या मातीच्या मागे हिलार बसलेला असेल.

२

बंदुकांचं दुकान खालच्या गावात होतं. माग्डा ओएर्टली ते चालवायची. वडिलांचे हात थरथरायला लागल्यापासून तीच सगळं बघत होती. तिनं टेबलावर हिरवं कापड अंथरलं आणि सैन्यातून उतरलेल्या तीन जुन्या रायफली त्यावर ठेवल्या.

"पहिल्यांदाच घेताय, तर आधी लाकूड बघू नका," ती म्हणाली. "सगळे लाकडावर भाळतात. लग्नं अशीच होतात आणि मोडतातही अशीच."

तिनं बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारणारा दांडा, काढून नळी खिडकीच्या उजेडाकडे धरायला लावली. आत चकचकीत पीळ दिसले. नळीच्या तोंडात काडतुसाचं टोक घालून ते किती आत जातं ते दाखवलं. जास्त गेलं तर नळी झिजलेली. नळीवरचा आणि बोल्टवरचा आकडा एक हवा, नाहीतर दोन रायफलींचा संसार जोडलेला समजा, असं तिचं म्हणणं. मी शाळेतल्यासारखं सगळं वहीत लिहून घेतलं. हिलार दाराशी पाईप ओढत माझी गंमत बघत होता.

मग तिनं पेचकस घेतला. दस्त्याच्या टोकाला लोखंडी पत्रा असतो. त्याखाली शिपाई आपलं नाव, जन्मसाल, तुकडी आणि गाव लिहिलेली चिठ्ठी ठेवतो. रायफल विकली तरी चिठ्ठी काढत नाहीत. नवा मालक ती वाचतो, आणि तो माणूस जिवंत असला तर त्याला दोन ओळींचं पत्र टाकतो, की तुमची रायफल माझ्याकडे आहे, बरी आहे.

पहिल्या रायफलीत एका पाववाल्याची चिठ्ठी निघाली. तो वारला होता. दुसरीत माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचं नाव होतं, आणि ते जिवंत होते. त्यांना पत्र लिहायचं मनात आणलं तेव्हा माझे कान तापले. ज्याला भरतीतून परत पाठवलं त्यानं काय लिहायचं?

तिसरीतल्या चिठ्ठीवर काहीच उरलं नव्हतं. ओलीनं शाई गेली होती. माग्डानं कागद दिव्याखाली तिरपा धरला. निबाचा दाब दिसत होता, अक्षरं लागत नव्हती.

"कोणीतरी होतं, एवढंच," ती म्हणाली. ती रायफल सैन्याच्या कोठारातून आलेल्या गठ्ठ्यात मिळाली होती. नळी तिन्हींत उत्तम होती, आकडे जुळत होते. दस्ता मात्र नव्यासारखा होता. पहाऱ्यावर बर्फाळ बुटांशेजारी टेकवून ठेवल्यानं सगळ्यांचे दस्ते खालून काळे पडून ठेचलेले असतात. ह्याच्यावर ओरखडा नव्हता.

"वापरलीच नाही वाटतं कोणी," मी म्हणालो.

"चाप बघा," ती म्हणाली. मी बोट ठेवलं. चाप आरशासारखा गुळगुळीत झिजलेला होता.

३

माग्डानं तिन्ही रायफली आम्हाला शनिवारपुरत्या दिल्या. नेमबाजीचं लाकडी घर कुरणाच्या एका टोकाला आहे: चार खिडक्या, जमिनीवर चटया, भिंतीवर चावी फिरवायचा फोन. समोर तीनशे मीटरवर मातीचा बांध आणि त्याच्यावर लक्ष्य. हिलारनं मला चटईवर पालथं झोपवलं, खांदा दाबून दाखवला, श्वास अर्धा सोडून थांबायला शिकवलं आणि डबा घेऊन कुरणाच्या कडेनं खंदकाकडे गेला. फोनवरून त्यानं सुरू कर म्हणून सांगितलं.

पहिल्या रायफलीनं पाच गोळ्या झाडल्या, दुसरीनं पाच. चकती दर वेळी वर आली. कधी कडेला टेकली, दोनदा आडवी हलली, म्हणजे गोळी लक्ष्याला लागलीच नाही.

तिसरी भरली. दुर्बिणीत पाहिलं तर चकती आधीच वर होती. लक्ष्याच्या डाव्या बाजूला, मध्याच्या जरा खाली, स्थिर. मी वाट पाहिली. ती खाली गेली. हिलार तयार असल्याची खूण करत असणार, असं मी धरलं. आधीच्या दोन वेळी त्यानं ती केली नव्हती, पण तेव्हा तो नुकताच बसला होता. विचारायची मला लाज वाटली. सैन्यात गेलेल्या माणसाला असल्या खुणा विचाराव्या लागत नाहीत.

मी मध्यावर नेम धरला आणि झाडली. चकती परत वर आली. डाव्या बाजूला, मध्याच्या जरा खाली.

बाकीच्या चारही वेळा चकती आधी आली, मग गोळी झाली, मग पुन्हा चकती. घरी जाताना हिलार म्हणाला की तिसरीवर हात बरा बसलाय तुझा. मी म्हणालो, हीच घेतो. त्या दिवशी मला काहीतरी वाटलं होतं. आनंद म्हणायला मी धजत नाही, पण सोमवारी सकाळी उठायला त्रास झाला नाही.

४

सहा शनिवार असे गेले. माझे गुण वाढत होते. चकती मध्यावर आली की मला बरं वाटायचं, कडेला आली की आधीच थोडं वाईट वाटायचं. ह्यातलं 'आधीच' माझ्या ध्यानात आलं नाही. एका शब्दाच्या चार अर्थांवर प्रबंध लिहिणाऱ्या माणसाच्या ध्यानात हे येऊ नये, ह्याबद्दल मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. मला वाटतं, मला ते ध्यानात यायला नको होतं.

ऑक्टोबरात नव्या सभासदाची तोंडी परीक्षा असते. जेवण झाल्यावर हिलार टेबलापाशीच माझी उजळणी घेत होता. बोल्ट कधी उघडायचा, नळी कुठं रोखायची, लाल झेंडा म्हणजे काय. मग त्यानं खंदकातल्या खुणा विचारल्या.

मी म्हणालो, लागली, नाही लागली, आणि तयार.

"तयार म्हणजे?"

"झाडण्याआधी तू चकती दाखवतोस ती."

हिलार हसला. इतका, की त्याला चष्मा काढावा लागला. "अरे डॉक्टर, मी खाली भिंतीकडे तोंड करून बसतो. तू वर नेम धरलास की शिंकतोयस, मला काय कळणार? तयारची खूण नसते. जगात कुठंच नसते."

मग त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हसणं थांबवलं. तुला चक्कर बिक्कर येते का, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, दुसऱ्या कुठल्या पुस्तकात वाचलं असेल. त्यानं माझा पेला भरला. मी तो प्यायलो. त्याला चव नव्हती.

५

मी स्वतःवर संशय घेतला, आणि ते सर्वांत सोपं होतं. माझ्या वयात माणसं झाडतात आणि विसरतात. मग नंतरची चकती आधीची वाटू शकते. म्हणून पुढच्या शनिवारी मी काडतुसं एकेक मोजून चटईवर मांडली. चकती वर आली तेव्हा मी बोल्ट ओढून पाहिला. काडतूस आत होतं, अख्खं, थंड. मनातल्या मनात एक अनियमित क्रियापद चालवलं. सगळी रूपं जागच्या जागी होती.

चकती उजव्या कोपऱ्यात दिसली होती. मी मुद्दाम डाव्या कोपऱ्यावर नेम धरला. गोळी उजव्या कोपऱ्यात लागली. पुढच्या वेळी दुर्बिणीवर टोपी टाकली आणि चकती बघितलीच नाही. झाडली. टोपी काढली, हिलारची चकती मध्यावर होती. मला हायसं वाटलं. त्यानं ती खाली घेतल्यावर पुढचं काडतूस भरलं, आणि चकती लगेच वर आली, जणू मघाशी तिला थांबवून ठेवलं होतं.

मी रायफल परत द्यायला हवी होती. तसं ठरवलंही होतं. पण माग्डानं ती पुन्हा हिरव्या कापडावर ठेवली असती, आणि पहिल्यांदाच घेणाऱ्या कोणीतरी त्या नव्यासारख्या दस्त्यावरून हात फिरवला असता. शिवाय परीक्षेला दोन आठवडे राहिले होते, आणि दहावा नसता तर मैदान गेलं असतं. ही कारणं खरी होती. तरी मी नुसता सवयीनं जात राहिलो असेन, असंही मला वाटतं. शनिवारी आणखी कुठं जायचं, हे मला माहीत नव्हतं.

६

परीक्षेच्या आधीचा शनिवार होता. ऊन होतं, वाऱ्याचं नाव नव्हतं. कुरणातल्या गायी आठवड्यापूर्वीच खाली नेल्या होत्या, त्यामुळे घंटाही नव्हत्या. हिलार डबा घेऊन खंदकात गेला. मी चटईवर झोपलो, भरली, आणि दुर्बिणीला डोळा लावला.

लक्ष्यावर चकती नव्हती.

मी थोडा वेळ ते कोरं लक्ष्य पाहत राहिलो. आज नाही, असं वाटलं. मग नजर खाली गेली. चकती लक्ष्याच्या खाली होती, बांधाच्या गवतावर, जरा उजवीकडे. मातीला टेकवून धरलेली. काठी दिसत नव्हती. त्या जागेच्या बरोबर मागे खंदकातलं बाक आहे. मी त्यावर एकदा बसलो होतो.

मी बोट चापावरून काढलं. उठलो. हे सगळं फार हळू केलं, कारण घाई केली तर तेच घडेल असं मला वाटत होतं. फोनची चावी फिरवली.

"काय झालं?" हिलार म्हणाला. त्याच्या तोंडात घास होता.

चकती कुठं आहे, मी विचारलं.

"खुंटीला. अजून एक झाडली नाहीस तू. चीज खातोय मी."

मी खिडकीतून पाहिलं. दुर्बिणीशिवायही दिसत होती, गवतावर एक पांढरा ठिपका. मी त्याला वर ये म्हणालो.

"दहा गोळ्या झाडायच्यात आपल्याला. घाबरलास का परीक्षेला?"

तो असा ऐकणारा नव्हता, हे मला माहीत होतं. थांबू या म्हटलं असतं तर तो थांबला असता, पण पुढच्या शनिवारी पुन्हा तिथंच बसला असता. ती खूण आत्तापर्यंत एकदाही चुकली नव्हती. मी जमेल तितका सरळ विचार केला. रायफलीपासून माणूस वाचेल अशी जागा एकच, तिच्या मागे. हिलार तिच्या मागे असेल आणि बाकावर मी असेन, तर खूण खरी ठरली तरी मला चालणार होतं. हे मी धैर्यानं ठरवलं नाही. जेवायला काय करायचं हे ठरवावं, तसं ठरवलं.

मी म्हणालो, मला आज दिसत नाही नीट, तू झाड, मी खाली बसतो, खंदकाचं कामही परीक्षेत विचारतात.

तो कुरकुरत आला. मी रिकामी केलेली रायफल बोल्ट उघडून चटईवर ठेवली होती. तो कुरणाच्या कडेनं येत होता तेव्हा मी बांधाकडे पाहिलं. ठिपका नव्हता.

"तुझी नववधू बघू तरी," तो म्हणाला आणि चटईवर पसरला. पसरण्याआधी माझ्या खांद्यावर त्यानं एक थाप मारली होती. डाव्या.

७

खंदकात गारवा होता. बाक, चिकटवायच्या कागदांचा डबा, खळ, हिलारचा अर्धा पाव. चकती खुंटीला होती. मी तिला हात लावला, पत्रा थंड होता. बाकाच्या उजव्या टोकाला बसलो, जिथं ती दिसली होती तिथं, आणि फोनवर सांगितलं, सुरू कर.

खाली बसल्यावर गोळी कशी असते, हे मला तेव्हा कळलं. आधी डोक्यावर चाबूक फुटतो. मग श्वासभर काही नाही. मग लांबून रायफलीचा आवाज येतो, उशीर झालेल्या माणसासारखा.

पहिली गोळी तशी आली. मी लक्ष्य ओढलं. भोक मध्याजवळ होतं. कागद चिकटवला, लक्ष्य चढवलं, चकती धरली. दुसरी आली. तीही मध्याजवळ. तिसरी. माझ्या हातांना काम समजलं होतं. चौथ्या गोळीनंतर मला जाणवलं की मी हिलारचा पाव खातोय, आणि स्वतःची थोडी लाज वाटली. म्हातारा, एकटा, सहा दिवस कोणाशी न बोलणारा माणूस. गवतावर ऊन चमकलं असेल. अ‍ॅग्नेस असती तर तिनं मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं असतं. पुढच्या शनिवारी हे सगळं हिलारला सांगायचं आणि त्याला पोटभर हसू द्यायचं, असं मी ठरवलं.

मग फोन वाजला.

"खाली कोण बसलंय आता? तू वर कधी आलास?" हिलार म्हणाला.

मी म्हणालो, मी खालीच आहे.

"उगाच काहीतरी." तो हसत होता, मग तोंड फोनपासून वळवून मागच्या कोणाला तरी म्हणाला. "पाठीशी उभा राहून चकती कसली दाखवतोस? सरक, उजेड अडतोय."

"हिलार, मी खंदकात आहे. तुझ्याशी फोनवर बोलतोय."

फोनमधून लाकडी जमीन करकरल्याचा आवाज ऐकू आला, कोणी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतल्यासारखा. हिलार तर फोनपाशी उभा होता.

"कुठं धरलीय?" मी विचारलं. "चकती. कुठं धरलीय?"

"थांब," तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता, मुलासारखा. "रायफल खाली ठेवतो आधी."

मी वाट पाहिली. रायफलीचा आवाज आला, फोनमधून आणि कुरणावरून, दोन्हींकडून. त्याच्या आधी डोक्यावरून काही गेलं नाही.

मी हिलारला हाक मारली. दोनदा मारली असेन. फोन चालू होता. तिकडे जमीन पुन्हा एकदा करकरली, आणि मग तेही नाही.

गोळी झाली की लक्ष्य खाली ओढायचं असतं. मी ते ओढलं. कागद चिकटवलेल्या चार भोकांवरून बोट फिरवलं. पाचवं नव्हतं. मी लक्ष्य परत वर चढवलं आणि बाकावर बसलो.